अंगारकीचा भोंगा

त्र्याऐंशी सालच्या अंगारकीला गणपतीच्या राजुरात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि नेमका त्याच दिवशी मच्छिंद्रचा भोंगा मुका झाला. बिघाडाला मुहूर्त कोण सांगणार! गर्दीत हरवलेल्यांना पुकारायचं काम त्याचं. अँप्लिफायर जुना, वॉल्व्हचा. विजेला वळणावर आणणारा त्यातला रेक्टिफायर वॉल्व्ह बरेच दिवस कण्हत होता, आज मान टाकून मोकळा झाला.

आणि समोर गोपिकाबाई उभी. बदनापूरकडची म्हातारी, हिचा नवरा हरवलेला. त्याचं डोकं ठिकाणावर नसायचं. वाट दिसेल तिकडं चालत सुटायचा, परक्यानं हाक मारली तर ढुंकून बघायचा नाही. गेल्या पोळ्याला त्याला विहिरीच्या काठावरून ओढून आणलं होतं, असं तिनं सांगितलं. राजुराबाहेरही उघड्या विहिरी काय कमी होत्या? मच्छिंद्रनं अँप्लिफायरची पेटी उघडली.

"माझा आवाज ऐकला की थांबतेत ते," ती म्हणाली. "तुमचं मशीन जल्दी करा, बाबा."

नवा वॉल्व्ह जालन्यात मिळाला तर मिळाला. तेवढी सवड कुणाला होती? रेडिओ दुरुस्तीच्या डबीत वॉल्व्हचंच काम करणारे दोन डायोड सापडले. त्यानं वॉल्व्ह उपटला आणि त्याच्या रिकाम्या खोबणीखाली ते डायोड डाख देऊन बसवले. काम एवढंसं, पण भीती मोठी. वॉल्व्ह हळूहळू तापतो, वीजही दमानं सोडतो. डायोडला कसला आलाय दम! बटण दाबलं की सगळा जोर एकदम वीज साठवणाऱ्या कंडेन्सरवर, आणि ते कंडेन्सर मशीनएवढेच म्हातारे. म्हणून त्यानं कारागिरांच्या रीतीप्रमाणं मेनच्या वायरीत मध्ये एक बल्ब जोडला. अर्धा जोर बल्बच खाईल, मशीन वाचेल.

भोंगा बोलला खरा, पण आजाऱ्यासारखा. शेजारचा पेढेवाला विचारायला लागला, काही म्हणला का रं?

बल्ब काढला तर आवाज शिवारापर्यंत जाणार होता. पण कंडेन्सर कितीसा तग धरणार? फुटला की संपलं, दुसरी हाक नाही. मच्छिंद्रनं म्हातारीला समजावलं, एकदाच बोलायला मिळंल, बराबर बोला. मग देवाचं नाव घेऊन बल्ब काढला, वायर सरळ जोडली, आणि माईक तिच्या तोंडाशी धरला.

"अवो," गोपिकाबाई म्हणाली. "अवो, ऐकलं का?"

बाजारातले झाडून सगळे कारभारी मागं वळले की! टोपीवाले, पटकेवाले, नारळ फोडणारा, चहावाला, बायको बरोबर असलेला आणि घरी ठेवून आलेलासुद्धा. एरवी मच्छिंद्र पोट धरून हसला असता. आता हसणार कुठून? उघड्या पेटीत कंडेन्सरचं टोपण फुगायला लागलं होतं.

"नाव घ्या, मावशी. नाव."

तिनं पदर तोंडाला लावला. नवऱ्याचं नाव लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य सरतं, ही आईची शिकवण. पुटपुटत तिनं ते मच्छिंद्रच्या कानात सांगितलं आणि म्हणाली, तुम्हीच घ्या.

"माझ्या आवाजाला थांबतेत का ते?"

गोपिकाबाईनं डोळे गच्च मिटले.

"रायभान! अवो रायभान, पुढं जाऊ नका! म्या हितं भोंग्यापाशी हाय!"

फाट्‌दिशी कंडेन्सर उडाला. धूर निघाला, घाण वास सुटला आणि भोंगा कायमचा बसला.

"म्याच खाल्लं का त्यांचं आयुष्य?" म्हातारीनं विचारलं. मच्छिंद्र असल्या गोष्टी मानणारा नव्हता, पण त्या घटकेला त्याच्याही काळजाचं पाणी झालं. तो खांबावर चढून चारी वाटा बघत राहिला. वाटेवर माणसंच माणसं, ओळखायचं कुणाला? म्हातारीनं खाली फतकल मारली होती, तोंडानं गणपतीला आळवत होती.

मग गर्दी फाकली. एक म्हातारा तरातरा येत होता, धोतर गुडघ्यापर्यंत ओलंचिंब, चेहरा रागानं लाल. ते ओलं धोतर बघून मच्छिंद्रच्या अंगावर काटा आला, म्हातारा पाण्यात उतरून मागं फिरला होता. म्हातारा थेट गोपिकाबाईपुढं येऊन उभा राहिला.

"चारचौघात माझं नाव घेती व्हय? लाज न्हाई वाटत?"

"न्हाई वाटत," गोपिकाबाई म्हणाली. तिनं त्याचं मनगट धरलं, ते एस्टीत बसेपर्यंत सोडलं नाही.