कुदळ न लागलेला कोपरा

"दरवर्षी तेच तेच सांगून तुम्हाला कंटाळा नाही का येत, मावशी?"

मैत्रिणींशी पैज लावून जोलिएतने विचारलं खरं, आणि मागच्या बाकावर निनेतने तोंडात रुमाल कोंबला. सर खुर्चीतून अर्धे उठले. एप्रिलमधल्या स्मरणाच्या आठवड्यात अख्ख्या रवांडात एवढा आगाऊपणा कुणी करत नाही!

पेलाजी मावशी शाळेचे गणवेश शिवायची. दर एप्रिलला सर आधी युरोपातल्या यहुद्यांच्या कत्तलीचा धडा घेत, मग तिला बोलवत. तिची गोष्ट ठरलेली. चौऱ्याण्णव साल, तुत्सींची कत्तल चालू होती. मोठा भाऊ अनास्ताझ तिला उभ्या ज्वारीत लपवून ओढ्यावर पाणी आणायला गेला, तो गेलाच.

"कंटाळा? वैताग येतो, वैताग!" मावशी उसळली. "तिकडे शिलाई पडलीय, इकडे हा माइक खरखरतोय, आणि इतकी वर्षं मी अर्धीच गोष्ट सांगतेय. यहुद्यांना मारणाऱ्यांनी कागद तरी ठेवले, म्हणतात तुमचे सर. आम्हाला शेजाऱ्यांनी मारलं. शेजारी काय लिहून ठेवणार? विचारलं की म्हणतात, आम्ही नव्हतोच बाई तिथे! अनास्ताझला कुठे पुरलंय तेवढं सांगा कुणीतरी. मग पुढच्या वर्षी येणार नाही. तुम्हीही सुटाल, मीही सुटेन."

निनेतने तोंडातला रुमाल काढला. जाता जाता मावशी जोलिएतपाशी थांबली. "आणि तुझ्या झग्याची दुमड उसवलीय. उद्या आण."

पैज जिंकल्याचं जोलिएतच्या ध्यानातही राहिलं नाही. त्याच ओढ्याकाठी आजोबांची केळीची बाग होती. इथे लोक बांधावरसुद्धा घेवडा लावतात, पण बागेतल्या एका कोपऱ्याला आजोबांनी कधी कुदळ लावली नव्हती. लहानपणी ती तिथे माती उकरत बसली, तेव्हा कधी बोटही न लावणाऱ्या आजोबांनी तिच्या थोबाडीत मारली होती.

जेवताना तिने ते सगळं बोलून टाकलं.

"गप जेव," बाबा म्हणाले.

"म्हातारपणी त्यांच्या जिवाला घोर नको गं," आई म्हणाली. "गवत तर वाढलंय नुसतं."

"मग तुम्ही दोघं तिथून वळसा घालून का जाता?"

बाबांनी ताट सरकवलं. "मी तेव्हा सहा वर्षांचा होतो, जोलिएत."

"तुम्ही सहा वर्षांचे होतात, बाबा. मला सोळावं चालू आहे." ती उठून उभी राहिली. "उद्या झगा द्यायला जाईन, तेव्हा मावशीला तो कोपरा सांगणार आहे मी. तुम्ही आलात तर तुमच्याबरोबर. नाही आलात तर एकटी."