सीडी ड्राइव्हचं तोंड उघडेना

मी सीडी ड्राइव्ह बोलतोय. ज्याचं तोंड चार दिवस उघडलं नाही म्हणून साखरखेर्ड्याजवळच्या एका लग्नघरात सगळे हैराण झाले होते, तोच मी. आता उघडलंच आहे, तर सांगून टाकतो.

हर्षल बुलढाण्याला कॉलेजात होता तेव्हा त्याच्या लॅपटॉपबरोबर मी या घरात आलो. पहिली दोन वर्षं मला उसंत नव्हती. सिनेमे, गाणी, परीक्षेच्या सीड्या. मग पेनड्राइव्ह आला, मग मोबाइल आला, आणि मला कोणी विचारेना. मी कुरकुर केली नाही. तशीही माझी कुरकुर सीडी घातल्यावरच ऐकू येते.

घरात मला मान देणारं एकच माणूस, हर्षलची आई शालूबाई. दर दसऱ्याला ट्रॅक्टर, विळे आणि शिलाई मशीन यांच्या रांगेत त्या लॅपटॉपही ठेवायच्या. त्याला ओलं हळदीकुंकू, वर अक्षता. मागच्या दसऱ्याला उदबत्ती खोचायला जागा सापडेना. माझ्या तोंडाशी टाचणीएवढं एक भोक आहे. ट्रे अडला तर पिन घालून उघडता यावा म्हणून ते ठेवलेलं असतं.

"कंपनीनं बी सोय करून देली पाहा," असं म्हणत शालूबाईंनी काडी त्यात खोचली. ती आतच मोडली.

तेव्हा कोणाचं काही अडलं नाही. अडलं ते अर्पिताच्या, म्हणजे हर्षलच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात. तिचे वडील उत्तमराव पंचक्रोशीतल्या लग्नांत मंगलाष्टकं म्हणायचे. त्यांचा आवाज लागला की मांडवातली पोरंसुद्धा गप्प बसायची. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. हातपाय सावरले, पण जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, बोलायचा सराव ठेवा. उत्तमरावांनी एक-दोनदा प्रयत्न केला, शब्द वेडावाकडा आला, आणि त्यांनी बोलणंच सोडलं. ज्या तोंडानं गावाची लग्नं लावली, ते बोबडं झालेलं त्यांना कोणाला दाखवायचं नव्हतं.

थोरल्या लेकीच्या, संजीवनीच्या लग्नात त्यांनी म्हटलेली मंगलाष्टकं तेवढी एका सीडीत होती, आणि सीडी वाजवणारं घरात, शेजारीपाजारी माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.

"मले आबाचाच आवाज पाहिजे," अर्पिता म्हणाली. "नाही तर माह्या डोक्यावर अक्षताच नका टाकू."

हर्षलनं माझं बटण दाबलं. मग जोरात दाबलं. बटण बहिरं असतं असा माणसांचा समज आहे. लॅपटॉप बंद करून चालू केला. पाठीत दोन धपाटे घातले. पिन घातली, ती काडीला अडली. साखरखेर्ड्यातल्या दोन दुकानदारांनी "आता सीडी कोन वाजवते बे?" म्हणून हसून परत पाठवलं. हे चारही दिवस शालूबाई लाडू वळत होत्या. उदबत्तीचं नाव त्यांनी काढलं नाही.

लग्नाच्या सकाळी लाउडस्पीकरवाला भागवत आला. तो मोबाइलही दुरुस्त करतो. त्यानं लॅपटॉपच्या पोटाशी असलेला एकच स्क्रू काढला आणि मला अख्खं बाहेर ओढलं. चिमट्यानं आधी काडी काढली, मग ट्रेच्या फटीत हळदीत वाळून घट्ट बसलेले सात तांदूळ.

"काकू, हे काय हो?"

"उदबत्ती."

"ते दिसून राह्यलं मले. पन अंदर काऊन?"

"बाहेर पडून राह्यली होती."

मला परत जागेवर बसवल्यावर माझं तोंड उघडलं. सीडी बसली. एक मंगलाष्टक वाजवून पाहिलं, आवाज खणखणीत. पेनड्राइव्हवर घ्यायला वेळ नव्हता, मुहूर्त तोंडावर आला होता. भागवतनं वायर थेट स्पीकरला जोडली.

अंतरपाट धरला. तीन मंगलाष्टकं मी सुरेख वाजवली. उत्तमराव पुढच्या खुर्चीत मान खाली घालून स्वतःलाच ऐकत होते. चौथ्याच्या शेवटी "शुभ मंगल" आलं आणि मी अडकलो. सीडीला ओरखडा होता की माझीच नजर गेली होती, मला खरंच माहीत नाही. "मंगल, मंगल, मंगल," आणि पुढे नुसती घरघर. पाचशे माणसं मुठीत अक्षता धरून उभी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"साव... धान."

आवाज घोगरा होता, फाटलेला होता, आणि स्पीकरमधून आलेला नव्हता.

अक्षता पडल्या. अंतरपाटामागून अर्पिता "आबा!" म्हणाली आणि मुंडावळ्या सावरत रडू लागली. भागवत मला पुन्हा सुरू करायला वाकला, तर शालूबाईंनी त्याचा हात धरला.

"राहू दे रे. मानूस बोलून राह्यला."

पाचवं मंगलाष्टक उत्तमरावांनी म्हटलं. चाल पक्की, शब्द निम्मे. गर्दीतून कोणी हसलं नाही.

सीडी अजून माझ्या पोटातच आहे. उत्तमराव हल्ली रोज सकाळी ओट्यावर बसून मंगलाष्टकं म्हणतात. शब्द अडला की शालूबाई भाजी निवडता निवडता तो सांगतात, आणि उत्तमराव त्यांच्यावर चिडतात, तेही तोंडानं. इकडे हर्षल मला बुलढाण्याला नेऊन दुरुस्त करून आणायचं म्हणतो. तुमची त्याची कुठे गाठ पडली, तर तेवढं सांगा, घाई करू नको म्हणावं. मी नीट वाजायला लागलो, तर त्या माणसाला पुन्हा गप्प बसायची सोय होईल.