दुसऱ्या साक्षीदाराचा रकाना

प्रूफकाकांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिले नव्हते, आणि ते नेमके चर्चमधून आले होते.

छापखान्यात छत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना प्रूफकाका म्हणे. निवृत्त झाल्यावरही पत्राची पोच द्यायची सवय सुटली नव्हती. विमा कंपनीचे छापील पत्रक आले तरी ते कळवत, ‘आपले पत्रक वाचले, छपाई सुबक आहे, विमा नको.’ असा माणूस अकरा आठवडे एक पत्र शब्दकोशाखाली दाबून बसला होता.

नव्या फादरांनी लिहिले होते : ‘जुन्या लग्नांच्या नोंदी संगणकात भरतो आहे. आपल्या ताईंच्या लग्नाच्या नोंदीत पहिल्या साक्षीदाराची सही आहे. दुसऱ्या जागी आपले नाव आहे, सही नाही. आपण हजर होता का आणि दोघांचा होकार आपण ऐकलात का, एवढे कळवावे. रकाना रिकामा ठेवला तर संगणक पुढे सरकत नाही. त्यांच्या लग्नाला आता चाळीस वर्षे होतील. तेव्हा मिस्सेच्या प्रार्थनेत त्यांना आशीर्वाद द्यायचा आहे, त्याआधी नोंद पुरी झालेली बरी.’

हजर होता का? होते. ऐकलात का? इथे घोडे पेंड खात होते.

ते लग्नच मुळी पळापळीचे. घरातली लहानथोर सगळी गोवराने अंथरुणात, आणि दाजींना परगावी पाणीपुरवठ्याच्या नोकरीवर रुजू व्हायला सातची बस. म्हणून सकाळी सहाला लग्न. चर्चमध्ये मोजून पाच माणसे : नवरा, नवरी, म्हातारे फादर, घंटा वाजवणारे आजोबा आणि गोवर लहानपणीच येऊन गेल्यामुळे शिल्लक राहिलेले एकोणीस वर्षांचे प्रूफकाका. त्यांच्या हातात प्रार्थनेचे पुस्तक होते आणि त्या पुस्तकाच्या पोटात एक रहस्यकथा. फादरांनी ताईला प्रश्न विचारला तेव्हा गुप्तहेर कंदील घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरत होता. तो वर आला तोवर ताईच्या बोटात अंगठी होती. मग बस, ट्रंक, धावाधाव. आजोबांनी तेवढी सही केली, प्रूफकाकांच्या सहीचे कोणाच्याच ध्यानात राहिले नाही. ते फादर आणि ते आजोबा आता देवाघरी, आणि तिथून साक्ष मागवायची सोय नाही.

प्रूफकाकांनी वाचनालयातून चर्चच्या नियमांचा जाडजूड ग्रंथ आणला. समोर काय चालले आहे याचे साक्षीदाराला भान हवे, असे त्यात सापडल्यावर त्यांची झोप उडाली. ‘मी हजर होतो’ असे त्यांनी लिहिले. मग ‘देहाने’ घातले. मग ते खोडले, कारण देहाने तर बाकही हजर होते. असे अकरा कच्चे खर्डे झाले.

गुरुवारी ताई त्यांच्या खोलीचा पसारा आवरायला येई. या गुरुवारी तिने शब्दकोश उचलला.

“किड्या, हे काय?” पुस्तकी किड्यातला किडा तिने लहानपणीच वेगळा काढला होता.

“ताई, तू आधी बस.”

“बसले. कोण गेलं?”

“गेलं कोणी नाही. तुझं लग्न...”

“ते गेलं?”

प्रूफकाकांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि सगळे सांगून टाकले. ताईने पदर तोंडाला लावला. ती रडते आहे असे वाटून ते पाणी आणायला उठले, तर ती हसत होती.

“म्हणजे चाळीस वर्षं मी त्या माणसाचे मोजे उगीच धुतले?”

“तसं नाही गं. फक्त मी ऐकलं नाही.”

“आणि खून कोणी केला होता?”

“माळ्यानं.”

“बघा! माळी बरा लक्षात राहिला, सख्खी बहीण नाही राहिली.”

हसत हसत ती घरी गेली आणि जेवताना तिने ही गंमत नवऱ्याला सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी पिशवीत पाना घेऊन प्रूफकाकांच्या दारात हजर. दाजी म्हणजे दाराएवढा माणूस, सगळ्या गावाचे नळ त्याच्या हाताखालून गेलेले. “वॉशर बदलायचा होता ना?” म्हणाले. नळ ठणठणीत होता. दाजींनी तो उघडला, बंद केला, पुन्हा उघडला.

“मेव्हणे, तुम्ही खरंच नाही ऐकलं?”

“नाही हो दाजी. चुकलंच माझं.”

“मीपण नाही ऐकलं.”

“काय?”

“तिचं ‘हो’. माझं मी म्हटलं ते आठवतं. मग कानात नळ सोडल्यासारखा आवाज सुरू झाला. फादर पुढचं बोलायला लागले, तेव्हा म्हटलं, म्हणाली असेल. तेच धरून चाललो.”

“चाळीस वर्षं?”

“धरूनच. पण ती रागावली ना, आठ-आठ दिवस बोलली नाही, की वाटतं, म्हणालीच नसेल तर? म्हातारे फादर घाईत होते, बस होती. मला वाटायचं, निदान तुम्ही ऐकलंय. काही झालं तर तुम्हाला विचारता येईल.”

“तिलाच विचारायचं ना!”

“आणि ‘नव्हते म्हणाले’ असं म्हणाली तर?”

एवढा अवजड माणूस आपल्या दुर्लक्षाच्या आधारावर चाळीस वर्षे उभा होता, या विचाराने प्रूफकाकांनी चपला चढवल्या. मान खाली घालून ते चर्चच्या कचेरीत गेले.

फादर वयाने लहान, बाह्या सरसावून संगणकाशी झगडत बसलेले.

“फादर, एक शंका. लग्न लावलं कोणी, असं धरायचं?”

“लोक म्हणतात, फादरनं लावलं. खरं तर आम्ही तिथं ख्रिस्तसभेच्या, म्हणजे सगळ्या चर्चच्या वतीनं होकार मागायला आणि ऐकायला उभे असतो. लग्नाचा संस्कार नवरा-बायकोच एकमेकांना देतात.”

“दोघंच?”

“दोघं आणि देव. व्यवहारात माणूस वस्तू देतो, इथं स्वतःला देतो, आणि परत घ्यायची बोली नसते. ख्रिस्तानं ख्रिस्तसभेला जीव लावला आणि तिला सोडलं नाही. ते प्रेम कसं असतं, हे लोकांना त्या दोघांकडे बघून थोडंफार कळावं. ती त्याची खूण.”

“थोडंफार,” प्रूफकाका म्हणाले. त्यांना मोजे आठवले.

“थोडंच. माणसंच ती! पण खूण म्हटली की बघणारा हवा, म्हणून साक्षीदार.”

“समजा, एखादा गृहस्थ त्या वेळी भलतीकडेच बघत असेल तर?”

फादरांनी खुर्ची वळवली. “शब्दकोशाखाली माझं पत्र आहे, तेच का हे गृहस्थ? ताई सांगून गेल्या.”

प्रूफकाकांचे कान लाल झाले.

“घाबरू नका. शंका आली की चर्च लग्नाच्या बाजूनं उभं राहतं. त्यांचं लग्न तुमच्या कादंबरीनं मोडत नाही. पण मला खरं लिहून द्या. आणि त्यांना वाटलं तर आशीर्वादाच्या वेळी दोघं वचन पुन्हा म्हणू शकतात.”

शनिवारी सकाळी प्रूफकाका ताईकडे गेले. स्वयंपाकघरात बेसिनखालच्या कपाटात दाजींचे डोके होते आणि फरशीवर पसरलेले पाय. ताई ओट्याशी कांदा चिरत होती.

“फादर म्हणतात, वचन पुन्हा म्हणता येईल,” प्रूफकाका म्हणाले.

“मी नाही बाई. पुन्हा म्हणायचं म्हणजे पहिलं कच्चं होतं असं झालं. चाळीस वर्षांचा संसार काय तालीम होती?”

“तसा अर्थ नसतो त्याचा.”

“असो नसो. मी नाही म्हणायची.”

बेसिनखाली पाना थांबला. प्रूफकाकांनी त्या पायांकडे पाहिले. पायांना चेहरा नसतो, तरी ते पडल्यासारखे दिसले. आयुष्यात त्यांनी कोणाच्या संसारात तोंड घातले नव्हते, आता घातले. पुढे झुकून अगदी हळू म्हणाले, “ताई, दाजींना ऐकू आलं नव्हतं.”

“काय?”

“तुझं ‘हो’. त्या दिवशी. अजून त्यांना खात्री नाही.”

ताईची सुरी कांद्यात अर्ध्यावर राहिली. ती स्टुलावर बसली आणि तिने त्या पायांकडे पाहिले.

“चाळीस वर्षं हा माणूस...” ती पुटपुटली. मग भडकली. “अहो! तोंडात काय मूग होते? एकदा विचारायचं नाही?”

नेमकी तेव्हाच दाजींनी खालची कळ उघडली. नळ खोकला, पाईप गुरगुरला आणि पाणी धो धो सुटले.

“हो म्हणाले होते मी!” ताई त्या पायांना म्हणाली. “हो. तेव्हाही आणि आताही हो. कळलं?”

“काय?” कपाटातून घुमलेला आवाज आला. “गळतंय का?”

ताईने कपाळावर हात मारला. “आता पुन्हा नाही म्हणायची, सांगून ठेवते!” आणि ती डोळे पुसत मागच्या गच्चीवर गेली. कांद्याने असेल.

दाजी रांगत बाहेर आले. “काय म्हणत होती?”

“हो म्हणाली.”

“कशाला हो?”

“त्यालाच. ‘तेव्हाही आणि आताही हो.’ मी ऐकलं, दाजी. समोरच बसलो होतो. हातात काही नव्हतं.”

दाजी मेव्हण्याकडे बघत राहिले. लग्नाच्या आमंत्रणात एक मात्रा चुकली म्हणून ज्याने चालू यंत्र थांबवले होते, तो माणूस कोणाचे मन राखायला खोटे बोलणार नाही, हे ते जाणून होते.

“कशी म्हणाली? रागानं?”

“बऱ्यापैकी रागानं.”

“मग खरं आहे,” दाजी म्हणाले. ते परत कपाटात शिरले आणि आधीच घट्ट असलेला नट त्यांनी आणखी दोनदा आवळला.

घरी येऊन प्रूफकाकांनी बारावा खर्डा लिहिला.

‘आदरणीय फादर, उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. त्या सकाळी मी हजर होतो, पण रहस्यकथा वाचत होतो. होकार ऐकला नाही. आज सकाळी साडेदहाला, स्वयंपाकघरात, ताईंचा होकार मी स्पष्ट ऐकला. तो त्या दिवसाचाही होता, असे त्यांनीच सांगितले. दाजींच्या होकाराबद्दल कोणाला शंका नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. संगणकात जी बसेल ती घ्यावी. वचन पुन्हा म्हणण्याविषयी ताईंना कृपया विचारू नये. सही करायला रविवारी येतो.’

पत्र त्यांनी एकदाच वाचले आणि पाकीट बंद केले. कोपऱ्यावरच्या पेटीपाशी मात्र हात पुन्हा अडकला. फादर हसतील का? ‘स्पष्ट’ हा शब्द जास्त तर झाला नाही ना? पाकीट अर्धे आत, अर्धे बाहेर.

“काका,” मागून एक बाई म्हणाल्या, “टाकताय की काढताय?”

“टाकतोय,” प्रूफकाका म्हणाले, आणि टाकले.