शपथ सुटेपर्यंत

निरांजन डावीकडून उजवीकडे गेलं आणि अनीशचे डोळे डावीकडेच राहिले.

शोभनाचा हात तबकासकट थांबला. तिला वाटलं, पोरगं विचारात असेल. तिने पुन्हा ओवाळलं, या खेपेला सावकाश. ज्योत पुढे गेली. डोळे लंगड्या वासरासारखे मागून आले, अर्ध्या वाटेत अडखळले आणि मिटले. मिटल्या पापण्यांतून पाणी ओघळलं. पुढच्याच क्षणी अनीशने तोंडावर हात दाबला, सिंक गाठलं आणि दुपारी जेवलेला वरणभात ओकून टाकला.

अनीश तिच्या पोटचा नव्हे. अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, रेडमंडला राहणाऱ्या सुमेधाचा, शोभनाच्या मैत्रिणीचा मुलगा. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत शोभनामावशीकडे ट्रॉयला यायचा, आणि आता बाविसाव्या वर्षी इथल्याच एका छोट्या संघातून बर्फावरची हॉकी खेळत होता. खालच्या लीगमधल्या मुलांना संघ गावातल्या कुटुंबांकडे ठेवतो. अनीश म्हणाला, "मला घर शोधायला नको, माझी मावशी आहे." सप्टेंबरात बॅगा आणि काठ्या घेऊन आला तो वरच्या खोलीत राहिला.

औक्षणाचं खूळ तिचं. पहिल्या सामन्याला तो हसला होता. "मावशी, इट्स अ गेम. मी लढाईला नाही चाललो." त्या संध्याकाळी त्याने दोन गोल केले, आणि तेव्हापासून तोच दिव्यापुढे मान वाकवून उभा राहायचा. हॉकीवाल्यांइतकी शकुनाला धरून चालणारी जात नाही. "आधी घरी दिवा, मग रिंकवर डावा स्केट, मग उजवा," तो म्हणायचा. "ऑर्डर चुकवायची नाही." शोभनाही ओवाळताना आईची ओवी गुणगुणायची:

ओवाळू मी किती, वात राहिली गं थोडी
परक्याच्या लेकराची, जिवा लागली गं गोडी

आज ओवी ओठांवरच राहिली.

"किती दिवस चाललंय हे?" तिने विचारलं.

"काय?" तो नळाखाली तोंड धूत होता.

"नाटक नको. या तबकात दिवे किती दिसतायत?"

अनीशने एक डोळा बारीक केला. मग ओशाळं हसला. "दोन. बाय वन, गेट वन."

ती हसली नाही. गेल्या बुधवारी परगावच्या सामन्यात कुणीतरी त्याला मागून ढकललं होतं, आणि त्याचं डोकं रिंकच्या कठड्यावर आदळलं होतं. घरी आला तो खांदा चोळत. त्या दिवसापासून वरच्या खोलीचे पडदे बंद होते. परवा त्याने जेवता जेवता एकच प्रश्न दोनदा विचारला. हे सगळं तिने पाहिलं होतं, आणि पोरगं दमलंय म्हणून सोडून दिलं होतं.

"डेब्राला सांगितलंस?" डेब्रा संघाची ट्रेनर, मुलांची दुखणीखुपणी बघणारी.

"शोल्डर सांगितलंय."

"आणि डोकं?"

"डोकं म्हटलं की संपलं, मावशी. लगेच बाहेर बसवतात. मग रोज टेस्ट, आणि सगळं क्लिअर होईपर्यंत बर्फावर पाय नाही." तो जवळ आला. आवाज खाली गेला. "आज वरच्या लीगचा माणूस येतोय. त्यांचा एक फॉरवर्ड जखमी झालाय, त्यांना उद्या कुणीतरी हवाय. उद्या! मी नाही तर दुसरा कुणी जाईल. मला परत कोण बोलावणार?"

"आईशी बोल. मी लावते फोन सुमेधाला..."

तेवढ्यात त्याने तिचा हात उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. ओल्या केसांवर, जिथे लागलं होतं तिथेच.

"माझी शपथ," तो म्हणाला. "डेबला नाही, आईला नाही, काकांनाही नाही."

तापल्या तव्याला लागावा तसा तिने हात मागे ओढला. पण शपथ घातली की घातली.

ही विद्या तिनेच त्याला दिली होती. सहा वर्षांचा असताना डब्यातले लाडू चोरायचा, तेव्हा तिने शपथ घालायला शिकवलं. ज्याची शपथ मोडली, त्याच्यावर ती येते, असं डोळे मोठे करून सांगितलं होतं. शपथेतून मोकळं करायचं तर घालणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने म्हणायचं, "सुटली." तेवढं म्हणायला तो आणखी एक लाडू मागायचा. "आधी लाडू, मग सुटली." चाळीस वर्षं अमेरिकेत काढून, कॉलेजात गणित शिकवून शोभना निवृत्त झाली होती. कुणी विचारलं असतं तर शपथेबिपथेवर माझा विश्वास नाही, असं तिने खुशाल सांगितलं असतं. पण त्याचं नाव घेऊन ती मोडायची? सांगितलं तर शपथ त्याला खाईल, न सांगितलं तर बर्फ खाईल.

"शोभना, अगं निघायचं ना?" बाहेरून तिच्या नवऱ्याने, अरुणकाकांनी हॉर्न दिला.

गाडीत अनीश मागे बसला, टोपी डोळ्यांवर ओढून. बाहेर भुरभुर बर्फ पडत होतं. अरुण गाड्यांच्या कंपनीतून निवृत्त झालेले. हॉकीचं वेड त्यांना जुनं, आणि घरात खेळाडू आल्यापासून तर त्यांच्या जिभेला ब्रेकच राहिला नव्हता.

"आज त्यांचा तो सत्तावीस नंबर आहे बरं का. खेळायला नाही येत तो, हातमोजे टाकायला येतो."

"म्हणजे?" शोभनाने विचारलं. तिला माहीत होतं. अनीशने ऐकावं म्हणून तिने विचारलं होतं.

"मारामारी गं! दोघांनी मोजे टाकले की पंच बाजूला उभे राहतात. एक जण खाली पडला की सोडवतात. मग दोघांना पाच-पाच मिनिटं कोठडीत."

"आणि मग?"

"मग काय, परत खेळायला."

"आमच्याकडे मारक्या बैलाला याहून जास्त वेळ बांधून ठेवायचे."

अरुण खो खो हसले. "ऐकलंस का रे, अनीश? बाकी तुझा खांदा कसा आहे? संघाच्या दुखापतींच्या कागदावर तुझ्यापुढे 'अप्पर बॉडी' लिहिलंय."

"फाइन आहे, काका."

"तेवढंच लिहितात," अरुणनी बायकोला समजावलं. "वरचं अंग नाहीतर खालचं अंग. नेमकं सांगितलं तर समोरचे तिथेच हाणतील ना."

वरचं अंग. शोभनाने आरशात मागे पाहिलं. समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड आत आला, आणि टोपीखालचा चेहरा कुणी चिमटा काढावा तसा आक्रसला. सांगावं? आत्ता, इथेच? नवऱ्याला सांगणंही शपथेतच होतं. तिने पदराचं टोक मुठीत धरावं तसा मफलर धरला आणि रिंक येईपर्यंत सोडला नाही.

आत गारठा होता, आणि नेहमीचा तो ओल्या रबराचा वास. मोठं यंत्र बर्फावरून फिरत होतं. अंगण सारवावं तसा त्याच्यामागे ओला चकचकीत पट्टा उमटत होता. इतर वेळी तिला ते बघायला आवडायचं. आज त्या लखलखाटाकडे बघून वाटलं, किती कठीण आहे हे. सारवलेलं असलं तरी दगडच तो.

खेळाडू ज्या बोळातून बर्फावर येतात तिथे कठड्याशी पोरं हात पुढे करून उभी राहतात, आणि खेळाडू जाता जाता त्यांच्या तळव्यावर हातमोजा आपटतात. त्या पोरांच्या रांगेत शोभनाची जागा ठरलेली होती. अनीश तिच्या हातावर दोनदा आपटायचा.

तो आला. अंगावर सगळा जामानिमा, हेल्मेटमध्ये चेहरा एवढासा. तिने तळहात पुढे केला. त्याने मोजा उचलला, नेम धरला आणि आपटला तो हवेत. तिच्या हाताच्या वीतभर बाजूला, जिथे त्याला दुसरी मावशी दिसत असेल तिथे.

शोभना कठड्यावरून पुढे वाकली.

"अनीश, सुटली म्हण."

"मावशी, नॉट नाऊ."

"एकदा म्हण रे. पाया पडते तुझ्या."

"लोक बघतायत!" तो पुटपुटला आणि निघून गेला. स्केटच्या पात्यांचा करकर आवाज तिच्या दातांत शिरला.

पहिला पिरियड, म्हणजे सामन्याचा पहिला टप्पा, तिने पाहिला असं म्हणता येणार नाही. ती फक्त त्याचा नंबर धरून बसली होती. बर्फावर दहा जण पळत होते आणि तिला एकच डोकं दिसत होतं. एकदा पक, त्यांची ती रबराची चकती, त्याच्या काठीजवळून गेली आणि त्याने भलतीकडेच काठी घातली. "अरेरे! झोपलाय की काय!" अरुण ओरडले. एकदा तो काचेवर आपटला, तेव्हा तिचा श्वास खालचा खाली आणि वरचा वर.

शेवटी शेवटी सत्तावीस नंबर त्याच्या शेजारून घसरत गेला. दाढीवाला, दाराएवढा रुंद. त्याने काठीने अनीशच्या पोटरीवर हलकेच टकटक केलं आणि काहीतरी विचारलं.

"झालं, आमंत्रण आलं!" अरुण सरसावून बसले. "आता नाही म्हणता येत नाही. वरचा माणूस बघतोय."

अनीशने डावा हात झटकला. मोजा बोटांच्या टोकापर्यंत सैल झाला. तेवढ्यात पिरियड संपल्याचा भोंगा झाला. सत्तावीस नंबर हसला आणि बोटाने हवेत एक गोल काढला: पुढच्या वेळी. अनीशने मान हलवली, हो म्हणून.

शोभना उठली.

"कुठे निघालीस? पॉपकॉर्न आण येताना."

"तुम्हीच आणा," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

जिन्याच्या प्रत्येक पायरीवर तिला ओलं डोकं तळहाताखाली लागत होतं. देवा, ती मनात म्हणत होती, शपथ त्याची, पण मोडणारी जीभ माझी आहे. जे यायचं ते माझ्यावर येऊ दे. वाट चुकवू नकोस. माझा पत्ता नीट ध्यानात ठेव.

डेब्रा बोळात कुणाच्या तरी मनगटाला पट्टी गुंडाळत होती. "हाय, आंटी!" संघातली सगळी पोरं तिला मावशी म्हणत, डेब्रा आंटी म्हणे.

"त्याचा खांदा नाही," शोभना म्हणाली. चाळीस वर्षांचं इंग्रजी दोन वाक्यांत संपलं. "डोकं आहे. त्याला दोन-दोन दिसतंय."

डेब्राच्या हातातली पट्टी खाली पडली, आणि ती आत गेली.

दाराआड आवाज चढले. मग दार धाडकन उघडलं आणि अनीश बाहेर आला, स्केटवर उभा, तिच्याहून हातभर उंच. असा राग तिने त्याच्या डोळ्यांत कधी पाहिला नव्हता.

"तू शपथ मोडलीस."

"हो."

"मावशी, तू माझी शपथ..." त्याने भिंत धरली. "माझी..." पुढचा शब्द त्याला सापडेना. तोंड उघडं राहिलं. मग गुडघे वाकले, आणि एवढं मोठं पोरगं भिंतीला घासत खाली बसलं.

आलीच. शोभनाला दुसरं काही सुचलंच नाही. मी मोडली आणि आलीच त्याच्यावर.

डेब्राने छोटा टॉर्च काढला आणि त्याच्या डोळ्यांपुढून नेला. डावीकडून उजवीकडे. शोभनाला सांगायची गरज नव्हती. तिने संध्याकाळीच पाहिलं होतं. पण डेब्रा पुन्हा वाकली, एकदा या डोळ्यात बघितलं, एकदा त्या. एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी होती. डेब्रा मान वर न करताच ओरडली, "अँब्युलन्स! आत्ता!"

अँब्युलन्समध्ये दिवे मंद केले होते. शोभना त्याच्या पायाशी बसली. अरुण मागून गाडी घेऊन येत होते. अनीशचा चेहरा पुन्हा मवाळ झाला होता. तो राग कुठे गेला? तिला तो राग परत हवासा वाटला.

"कोण जिंकलं?" त्याने विचारलं.

"अजून चाललाय सामना."

"हं." थोड्या वेळाने, "मावशी, कोण जिंकलं?"

"आपण," ती म्हणाली.

"डेबला कोणी सांगितलं?"

"मी."

"ओके," तो म्हणाला. फक्त ओके. त्याला काही आठवतच नव्हतं. शपथ घातलेली आठवत नव्हती, मोडलेलीही. घालणाराच विसरला, तर सोडवणार कोण? शपथ तशीच त्याच्या डोक्यावर बसून राहणार.

हॉस्पिटलात चाकांचा पलंग भराभर निघाला. डॉक्टरांनी चालता चालता सांगितलं, आधी स्कॅन, आत रक्त साचलं असेल तर लगेच ऑपरेशन. आणखी एक धक्का बसला असता तर बोलायला काही उरलं नसतं. ती पलंगाच्या दांडीला धरून जवळजवळ पळत होती.

"अनीश, सुटली म्हण."

"काय सुटली?"

"काही नाही रे राजा. नुसतं म्हण. सुटली."

त्याने डोळे मिटले. स्कॅनच्या खोलीचं दार समोर उघडत होतं. ओठ हलले. "आधी लाडू."

तिच्या तोंडून हसू फुटलं की हुंदका, तिलाच कळलं नाही. "देईन! डबाभर देईन! आधी म्हण!"

"इथपर्यंतच," नर्सने तिचा हात दांडीवरून सोडवला. पलंग आत गेला.

"मोठ्याने म्हण!" त्या पांढऱ्या, शांत बोळात शोभना मराठीत ओरडली. दोन माणसांनी वळून पाहिलं. "अनीश!"

दार मिटत आलं होतं. फटीतून बारीक, झोपाळलेला आवाज आला.

"सुटली."

दार लागलं. वर तांबडा दिवा पेटला.

थोड्या वेळाने अरुण आले. टोपीवर बर्फ होतं, हातात कशी कोण जाणे, पॉपकॉर्नची पिशवी तशीच होती. ते तिच्या शेजारी बसले.

"काही बोलला का?"

"लाडू मागितला."

"अगं, मग ठीक आहे की," अरुण म्हणाले. पण टोपी काढायचं त्यांना सुचलं नाही.

"ठीक आहे का ते मला ठाऊक नाही," शोभना म्हणाली. "तसं मला आत्ता म्हणायला लावू नका." आणि निरांजनातल्या तुपाचा वास अजून न गेलेला आपला हात मांडीवर उपडा ठेवून ती त्या दिव्याकडे बघत राहिली, पापणी न हलवता.