जुलेखाचं पोतं

गगनबावड्याच्या अलीकडच्या वाडीत रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल काढणाऱ्या अकरा बायकांचा गट होता. तानाबाई त्याची प्रमुख, म्हणजे बाकीच्या जे टाळायच्या ते सगळं तिनं करायचं. फॉर्म तिनं भरायचे, पाहुण्यांना चहा तिनं द्यायचा, फोटोत मधोमध उभं राहून हसायचंही तिनंच. सहा वर्षं हसून तिचे गाल दुखायला लागले होते.

तेल कसलं, थिजलेलं पांढरं लोणीच ते. पूर्वी घरोघरी टाचांच्या भेगांना चोळायचे. आता कोल्हापुरातली एक कंपनी त्याचं क्रीम करून परदेशात पाठवायची. तिकडच्या गिऱ्हाइकानं डबीवरचा ठिपक्यांचा चौकोन फोनला दाखवला की म्हणे ते झाड दिसायचं आणि झाडाखाली उभी बाईही दिसायची. त्यासाठी प्रत्येक झाडाला पत्र्याचा नंबर ठोकला होता आणि प्रत्येक पोत्याला बाईच्या नावाची, झाडाच्या नंबराची चिठ्ठी बांधायची होती. पाव हिस्सा फळं पाखरांना नि माकडांना सोडायची, असाही एक नियम होता. माकडांनी आजवर कधी परवानगी मागितली नव्हती, पण बायकांनी मुकाट सह्या केल्या. एवढा दर गारगोटीच्या व्यापाऱ्यानं सात जन्मांत दिला नसता.

यंदा तपासणीला भाग्यश्री मॅडम आल्या. वयानं लहान, बोलायला गोड आणि चालायला भारी चिवट. एकेका पोत्याची चिठ्ठी वाचायची आणि ते झाड दाखवा म्हणायचं. तानाबाई सकाळपासून तीनदा डोंगर चढून उतरली. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा दहा पोती झाली होती. अकरावं जुलेखाचं होतं.

आता सात नंबरचं झाड कागदोपत्री जुलेखाचंच होतं. त्याच्याकडं नुसतं बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं. पण दिवसभर नियम ऐकून कंटाळलेल्या तानाबाईला वाटलं, आपल्याकडंही सांगण्यासारखं काही आहे. तिनं मोठ्या अभिमानानं सगळं सांगून टाकलं.

जुलेखा तीन वर्षांपूर्वी त्याच झाडावरून पडली आणि कमरेतून गेली. झाडावर चढू नये, हे शिकवणारे साहेब त्यानंतर आले. तेव्हापासून गटातली प्रत्येक बाई आपलं पोतं शिवायच्या आधी दोन ओंजळी बी जुलेखाच्या पोत्यात टाकायची. ठराव नाही, सभा नाही, कुणीतरी सुरू केलं आणि चालू राहिलं. दर शनिवारी तानाबाई ते पोतं उताराच्या टोकाला जुलेखाच्या घरी न्यायची. जुलेखा खाटेवर कुशीवर पडून दगडानं बी फोडायची आणि आतला गर निवडून द्यायची. तिच्याइतका स्वच्छ गर गटात कुणाचा नव्हता.

मॅडम शाबासकी देतील, असं तानाबाईला वाटलं होतं. मॅडमचं बोट मात्र टॅबवर थांबलं.

"म्हणजे ह्या पोत्यात दहा झाडांचं बी आहे, आणि चिठ्ठी सात नंबरची."

"व्हय की."

"मावशी, मग चिठ्ठी खोटी झाली."

मॅडमनी समजावून सांगितलं. एक पोतं मिसळीचं निघालं तर अख्ख्या गटाचा माल नापास. घरी बसून बी फोडणंही चालत नाही, ते शेडमध्येच, देखरेखीखाली व्हायला हवं. आणि दोन हंगाम जिनं वेचणी केली नाही ती सभासद राहत नाही. वाट एकच होती. पोतं बाजूला काढायचं आणि मी स्वखुशीनं गट सोडते, असं जुलेखाकडून संध्याकाळच्या आत लिहून घ्यायचं. तिला नंतर तुम्ही आपापसात मदत करा ना, असंही त्या म्हणाल्या. त्यांना वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. पण वाईट वाटलं म्हणून रकाना बदलत नाही.

"मदत ती घ्यायची न्हाय, मॅडम," तानाबाई म्हणाली. "बी घेती, कारण ते फोडायचं असतंय."

ह्यासाठी रकाना नव्हताच. शेडच्या दारात बाकीच्या नऊजणी उभ्या होत्या. सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि एकेक करून त्या आपापल्या पोत्यांकडं वळल्या. तानाबाईला त्यांचा राग आला नाही. तिच्या स्वतःच्या लेकीची नर्सिंगची फी ह्याच तेलावर चालली होती. तिनं कागद घेतला.

जुलेखाच्या घरी जाताना तिनं चार वाक्यं जुळवली आणि दारात पोचेपर्यंत चारही विसरली. जुलेखानं तिच्या रिकाम्या हातांकडं पाहिलं, मग कागदाकडं. तानाबाईनं आडवळण न घेता जे होतं ते सांगितलं. चूक माझीच, मीच बोलून बसले, हेही सांगितलं.

जुलेखा रडली नाही की भांडली नाही. उशीचा टेका घेऊन तिनं सावकाश सही केली, सगळं नाव, वडिलांच्या नावासकट. कागद परत देताना मात्र तिनं तो चटकन सोडला नाही.

"तानाक्का, पोत्याचं ऱ्हाऊ दे. शनवारी तू येशील न्हवं?"

"येतो की," तानाबाई म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती. पण घर उताराच्या टोकाला होतं, गुडघे गेलेले होते आणि शनिवारी शेडमध्ये तेल उकळायचं असायचं. तीन वर्षं ती पोत्यासाठी इथं येत होती, जुलेखासाठी नव्हे, हे तिला आत्ता कळलं आणि तिची तिलाच लाज वाटली. जुलेखाला ते आधीपासून ठाऊक असावं. तिनं कागद सोडला आणि तानाबाईला उठणं सोपं जावं म्हणून तोंड भिंतीकडं वळवलं.