उरलेला ठोकळा

विद्यापीठाच्या सभागृहात मोठ्या टेबलावर आमच्या गल्लीचा नकाशा पलंगपोसासारखा अंथरला होता. पुढच्या वीस वर्षांत विद्यापीठ कुठे कुठे वाढणार, ते आम्हा रहिवाशांना विचारून ठरणार होतं. शेजारी लाकडी ठोकळे मांडलेले. एकेक ठोकळा म्हणजे एकेक नवी इमारत.

नियोजनवाल्या बाई गोड बोलत होत्या. "आराखडा तुमचाच आहे. ठोकळे तुम्हीच ठेवा. फक्त एकही उरता कामा नये."

ग्रंथालय मोकळ्या मैदानावर गेलं, प्रयोगशाळा बंद गोदामावर. राहिलं वसतिगृह. हा ठोकळा दांडगा. कुणाचं तरी घर झाकल्याशिवाय बसेना.

गल्लीतल्या सुतारकाकांनी तो नकाशावर कोपऱ्यावरच्या घरावर धरला. ज्याचं ते घर, तो इस्त्रीवाला समोर हाताची घडी घालून उभा.

"ठेवा की! उद्यापासून चुरगळलेलेच घालून फिरा."

सगळे हसले. काकांचा हात पुढे सरकला, निवृत्त शिक्षिकाबाईंच्या घरावर.

"बाई, राग मानू नका हं."

"छे, रागावते कशाला? लक्षात ठेवते."

हात पुन्हा सरकला आणि शेवटच्या घरावर थांबला. तिथे अडवायला त्या घरचं कुणी नव्हतं. ते माझ्या थोरल्या जाऊबाईंचं घर. त्या अंथरुणाला खिळलेल्या. सभेला कुठून येणार? निघताना माझा पदर धरून म्हणाल्या होत्या, "अगं, मला या खोलीतून हलवू देऊ नकोस."

"वहिनी, तुमची काही हरकत?" काकांनी हळूच विचारलं.

त्यांच्या घरासमोरच माझं घर. नाही म्हटलं, तर ठोकळा गल्ली ओलांडून माझ्याच छपरावर यायचा. मनातल्या मनात देवाचं नाव घेत राहिले. शेवटी हात पुढे झाला आणि काकांच्या हातातून मी ठोकळा काढून घेतला.

"काकू, ठेवा ना कुठेतरी," नियोजनवाल्या बाई म्हणाल्या.

"नाही ठेवणार."

"बरं." त्यांनी तो माझ्याकडून घेऊन पिशवीत टाकला. "उरलेल्याची जागा मग आमचं कार्यालय ठरवतं. तसा नियमच आहे."

सगळ्यांच्या नजरा त्या पिशवीकडे वळल्या.

"काय करून बसलात, वहिनी!" सुतारकाका म्हणाले. "एकाच्या दारातलं संकट सगळ्यांच्या दारात आणलंत!"

"एकाच्या म्हणजे कुणाच्या, काका?" मी विचारलं. काकांनी मान फिरवली.

इस्त्रीवाल्याला आता हसू येत नव्हतं. त्याने वाकून नकाशावरच्या स्वतःच्या घरावर बोट दाबून धरलं. मग शिक्षिकाबाईंनी, मग काकांनीही. जणू बोट उचललं की घर गेलंच. नियोजनवाल्या बाई दिवे मालवायला लागल्या, तरी कुणी जागचं हलेना. मीही एक हात माझ्या घरावर ठेवला आणि दुसरा जाऊबाईंच्या.