मालनच्या फळीचा दांडा

मित्रांनो, माझ्याकडे बघून हसू नका. अंगभर आटे पाडलेला, हातभर लांबीचा मी एक जुना लोखंडी दांडा आहे. रत्नागिरीत, बंदराजवळच्या एका बंद स्वयंपाकघरात, फळीला धरून उभा आहे.

मला घडवून घेतलं धोंडूने. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. बायकोचे, मालनचे, हात खांद्याच्या वर जाईनात, म्हणून बटण दाबलं की खाली येणारी फळी त्याने करायला घेतली. लेथवाला बाळा म्हणाला, "दोरी नि कप्पी लाव की, पटकन काम व्हईल."

"नि लाईट गेली तर? मिठाची बरणी हिच्या डोक्यात घालू?"

मोटरने मला फिरवल्याशिवाय फळी तसूभर हलत नाही, लाईट गेली तरी जागीच राहते, म्हणून धोंडूने मला निवडलं. शेजारची हौसा म्हणाली, "धोंडूचेच आटे ढिले झालेत!" पण फळी खाली आली तेव्हा टाळ्या तिनेच पिटल्या.

दर शनिवारी धोंडू मला पुसून ग्रीस लावायचा. मग धोंडू गेला, आणि घर चिडीचूप झालं. मालन दिवसभरात काय ते माझ्याशीच बोले. मुंबईहून मुलाचा, अनिलचा, फोन येई, "आई, इकडे ये." ती ठणकावी, "फळी वर-खाली होतेय तवर मी घर सोडायची नाय!" मला केवढी धास्ती वाटायची!

खाऱ्या हवेने मी कुरकुरू लागलो. मालनने मला खोबरेल पाजलं. बिजागरीला, गुडघ्याला, केसांना, तिच्याकडे सगळ्याला तेच औषध! त्यात पिठाची धूळ बसून चिकटा झाला. एका सकाळी मोटर नुसती घुमली, फळी वरच अडली. मालनने काठीचा आकडा अडकवून ओढली. पण न घसरणं हाच तर माझा गुण! तिने काठी कोपऱ्यात ठेवली. मग तिने फोन लावला.

"अनिल, ये न्यायला."

अनिलने स्टुलावर चढून फळी रिकामी केली. बरण्यांमागे ग्रीसचा डबा होता. "आई, हा इथंच होता की!"

"मला कधी दाखवलाच नाय रे त्यांनी," म्हणून मालन रडली. संध्याकाळच्या गाडीने दोघं गेली. आता फळीवर काहीच भार नाही, आणि तेच मला सोसवत नाही.

मित्रांनो, कुणासाठी मायेने एखादी वस्तू केलीत, तर ती कशी राखायची हेही त्या माणसाला शिकवा. मला काय हवं होतं, ते मला सांगता येत नव्हतं. धोंडूला येत होतं.